गाडीचा उंबरा

गाडीचं दार उघडलं की खाली जी पत्र्याची पट्टी दिसते, आत शिरताना जिच्यावर हमखास चप्पल घासते, तिला आमच्या घरात उंबरा म्हणायचे. नाव आमच्या ह्यांनी पाडलं. नुसतं नाव पाडून थांबले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण त्या उंबऱ्यावर कुणी पाय द्यायचा नाही हा नियमही त्यांचाच, आणि तो पाळला जावा म्हणून त्यांनी सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. लोक मला म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता कसला राग धरून बसलीस? बसलेय खरी. मला काही हौस नाही राग धरायची, पण हा सुटतच नाही, त्याला मी काय करू?

आम्ही साताऱ्याकडचे. हे केंद्र सरकारच्या नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात, त्यामुळे बदल्या पाचवीला पुजलेल्या. चंदीगडची ऑर्डर आली तेव्हा माझ्या माहेरी रडारड झाली होती. पंजाब म्हटलं की तेव्हा लोकांच्या डोळ्यांपुढे बंदुकाच यायच्या. प्रत्यक्षात आलो तर रस्ते हे एवढे रुंद, दुतर्फा झाडं, सगळं आखीवरेखीव, आणि चौकाचौकात वाळूची पोती रचलेली. पोत्यांच्या मागे जवान. बस थांबवायचे, माणसं उतरवायचे, पिशव्या उलट्या करून बघायचे. स्कूटरवर मागे कुणी बसायचं नाही अशी बंदी मधूनमधून लागायची, कारण मागे बसलेलाच गोळी झाडून जातो म्हणे. सकाळचा पेपर मी आधी ह्यांना वाचू द्यायची आणि त्यांचा चेहरा बघून ठरवायची की आपण वाचायचा की नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक सरदारजी राहायचे. दुसऱ्या एका सरकारी खात्यात होते. माणूस शांत, मान खाली घालून जिना चढणारा. बायको हसरी, मोहरीच्या पाल्याचा साग केला की वाटीभर खाली येणारच. आणि एक मुलगी. एकुलती एक, बारावीला, हुशार म्हणजे काय, नुसती चमकायची पोरगी. तिला डॉक्टर व्हायचं होतं. लहानपणापासून एकच घोष, डॉक्टर होणार. सरदारजींच्या गावाकडच्या लोकांचं म्हणणं, दिवस हे असे, तरणी मुलगी म्हणजे उरावर धोंडा, उजवून टाका. सरदारजींनी त्यांचं अर्धं ऐकलं आणि मुलीचं अर्धं. माझ्या देखत, आमच्या व्हरांड्यात उभं राहून तिला म्हणाले होते, “एक बार. मेडिकल का पेपर एक बार दे ले. निकल गया तो पढ़ाऊँगा, बेटा, जितना कहेगी. नहीं निकला तो फिर मैं किसी को ना नहीं कहूँगा.” पोरीने मान डोलावली. तिला कसली भीती? तिला पक्की खात्री होती, आणि आम्हालाही होती.

ह्यांचा तिच्यावर फार जीव. आमचा मुलगा पुण्याला हॉस्टेलवर, घर सुनं सुनं, त्यात ही पोर रोज संध्याकाळी वह्या घेऊन खाली यायची आणि हे तिला फिजिक्स शिकवायचे. मी थालीपीठ लावायची. ती ते लोण्याच्या गोळ्याबरोबर खायची आणि म्हणायची, आंटीजी, ये तो हमारी मिस्सी रोटी की बहन है. हे सगळं मी मुद्दाम सांगतेय. तिच्याशी ह्यांचं काही वाकडं असतं तर मी समजू शकले असते. वाकडं नव्हतं हो! पोटच्या पोरीसारखी होती ती त्यांना. म्हणून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आता गाडीचं. आम्ही नंबर लावून इतकी वर्षं झाली होती की नंबर लावलाय हेच विसरलो होतो. एके दिवशी कळलं, गाडी आली. छोटीशी, चार दारांची, पांढरीशुभ्र. आमच्या ओळीतली ती पहिली गाडी. तेव्हा सासूबाई आमच्याकडे आलेल्या. त्यांनी नारळ फोडला, गाडीला ओवाळलं आणि मग, घराच्या उंबऱ्याला दर मंगळवार-शुक्रवारी लावतात तशी, चारी दारांच्या पट्ट्यांवर हळदीकुंकवाची बोटं ओढली. चांगली ओली, ठसठशीत. “हाही उंबराच की रे,” असं मुलाला म्हणाल्या. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पांढऱ्या रंगावर ओलं कुंकू! डाग पडणार! पुसावं तर आईने लावलेलं. न पुसावं तर रंग जातो. माणूस दोन दिवस नीट जेवला नाही.

मग ह्यांना युक्ती सुचली. ऑफिसात नकाशांवर एक पारदर्शक फिल्म चिकटवायचे, म्हणजे हाताळून नकाशा फाटू नये. खालून कागद सोलायचा आणि चिकटवायची. ऑफिसची टाचणीसुद्धा घरी न आणणारा माणूस, त्यामुळे तसलाच एक रोल दिल्लीहून स्वतः जाऊन विकत आणला. एका रविवारी सकाळपासून हे अंगणात फतकल मारून बसले. आधी जुन्या पोस्टरच्या कागदाचा साचा कापला, एकेका दाराचा वेगळा, कारण मागचा उंबरा वळणावर रुंद होतो. मग पट्टी पुसली, पण कुंकवाच्या कडेकडेने, जणू जखम साफ करताहेत. खरं तर साबणाचं पाणी मारून लावली तर फिल्म सरळ बसते, हे त्यांनाच माहीत होतं. पण पाण्याने आईचं कुंकू वाहून जाईल, म्हणून कोरडीच लावली. माझ्या जुन्या व्हॉइलच्या साडीचा तुकडा मोजपट्टीला गुंडाळून हवा बाहेर ढकलत बसले. जिथे फुगा राहिला तिथे माझी शिवणाची सुई घेऊन टोचलं. दुपारी मी जेवायला हाक मारली तर म्हणतात, हळू बोल, धूळ उडते. बोलल्याने धूळ उडते म्हणे! संध्याकाळी चारी उंबरे काचेखाली ठेवल्यासारखे झाले, आत हळदीकुंकू जसंच्या तसं. सासूबाई धन्य झाल्या. “माझं कुंकूही राहिलं नि तुझा रंगही राहिला,” म्हणाल्या. मायलेकरांचं समाधान झालं. मी भांडी घासली.

तिथून पुढे नियम सुरू झाला. गाडीत बसायचं कसं, तर आधी पाठमोरं होऊन सीटवर टेकायचं, मग गुडघे जवळ घ्यायचे आणि दोन्ही पाय एकदम उचलून उंबऱ्यावरून आत आणायचे. उतरताना उलट. दार उघडलं की ह्यांची हाक आलीच, “उंबरा!” माझे गुडघे तेव्हाच बोलायला लागलेले, मी सरळ सांगितलं, मला नाही जमायचं हे नाटक. मग माझ्या दाराशी हे स्वतः येऊन उभे राहायचे आणि माझ्या चपलेकडे टक लावून बघायचे. सासूबाईंना मात्र यात मुळीच वावगं वाटलं नाही. उंबऱ्यावर पाय देऊ नये हे तर त्यांनी मुलाला लहानपणापासून शिकवलेलं. पत्रा असला म्हणून काय झालं?

आणि वरची पोर. हे सकाळी ऑफिसला जाताना तिला सेक्टर चौतीसमधल्या क्लासला सोडायचे. तिच्याइतकं सुंदर कुणालाच जमायचं नाही. सलवार एका हाताने गोळा करायची, टेकायची आणि पाय असे अलगद उचलून आत घ्यायची की वाटावं, हिने हे जन्मापासून केलंय. “उंबरा, अंकलजी!” असं तीच आधी ओरडायची. तेवढा एक मराठी शब्द तिला येत होता. हे खूश. मला म्हणायचे, शीक जरा हिच्याकडून.

असू दे. इथवर मी हसत होते. नवऱ्याच्या खुळांना हसायला मला येतं, नाहीतर संसार कसा केला असता?

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुसऱ्या दिवसाचा बंद पुकारला गेला. बस नाहीत, रिक्षा नाहीत, स्कूटरवर मागे बसायला बंदी. सरदारजी खाली आले, दोन्ही हात जोडून. “भाईसाब, गड्डी...” हे म्हणाले, “अरे सरदारजी, ही काय सांगायची गोष्ट आहे? आपली मुलगी आहे.” असं म्हणाले हं, आपली मुलगी. मी म्हटलं, मीही येते, पोरीबरोबर बाईमाणूस असलेलं बरं. सरदारजी स्वतः येणारच होते.

परीक्षा एका कॉलेजात होती, आमच्यापासून काही सेक्टर पलीकडे. नऊला फाटक बंद होणार असं तिच्या रोल नंबरच्या चिठ्ठीवर स्पष्ट छापलेलं. आम्ही भरपूर वेळ ठेवून निघालो. तिच्या आईने दही-साखर भरवली, मी हातावर दही घातलं, दोन्हीकडचं दही खाऊन पोरगी निघाली. उंबरा ओलांडताना नेहमीसारखी ओरडली, “उंबरा, अंकलजी!” हे हसले. सरदारजी पुढे बसले, आम्ही दोघी मागे. रस्ते चिटपाखरू नसलेले. ती मांडीवर पेनांची डबी घेऊन डोळे मिटून पुटपुटत होती, सूत्रं असतील नाहीतर पाठ असेल.

मधल्या चौकात नाका. हात दाखवला. थांबलो. सगळे उतरा. उतरलो. यात नवीन काही नव्हतं. डिकी बघितली, पुढचा कप्पा बघितला, सीट दाबून बघितली. जवानाने मागचं दार उघडलं आणि सीटखाली बघायला म्हणून बूट उचलला.

आणि आमच्या ह्यांच्या तोंडून निघून गेलं, “भाईसाब, प्लीज, वहाँ पाँव मत रखिए.”

बूट तिथेच थांबला. त्या जवानाचं तोंड मला आजही दिसतं. हातात बंदूक असलेल्या माणसाला, नाक्यावर, त्या दिवसांत, सोबत पगडीवाला माणूस असताना, हे शहाणे सांगतात, इथे पाय ठेवू नका! एखादं पोर तरी बोललं असतं का असं?

जवान खाली वाकला. बघतो तर दाराखाली प्लास्टिक चिकटवलेलं आणि त्याच्या आत काहीतरी काळपट, गोळा झालेलं. उन्हाने कुंकू काळं पडलं होतं, हळद तपकिरी. मध्ये मध्ये फुगे. मला स्वतःला ते बघून शिसारी आली असती. “यह क्या है?” त्याने विचारलं. हे म्हणाले, “हल्दी-कुंकू है. माताजी ने लगाया है.” “प्लास्टिक के नीचे?” “हाँ जी. रंग ख़राब न हो इसलिए.”

सांगा, कोण विश्वास ठेवील? मी असते तर मीही नसता ठेवला. त्याने चारी दारं उघडली. चारी ठिकाणी तेच. त्याने हवालदाराला हाक मारली. हवालदाराने एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा सरदारजींकडे, आणि झालं. “ओए सरदार, इधर आ.” त्यांना रस्त्याकडेच्या झाडाशी उभं केलं, हात वर करायला लावले. खिसे उलटे केले. मग त्यांची पगडी बोटांनी चाचपून बघितली, सगळीकडून, हळूहळू. आमच्या चंदीगडच्या एवढ्या वर्षांत मी त्यांना उघड्या डोक्याने कधी पाहिलं नव्हतं. पगडीला घरातलं पोरही हात लावायचं नाही. आणि हा परका माणूस त्यांच्या मुलीसमोर ती अशी दाबून बघत होता, जसा बाजारात कोबी बघतात. सरदारजी हात वर करून समोरच्या खांबाकडे बघत राहिले. मी हवालदाराला म्हटलं, “बच्ची का पेपर है, मेडिकल का! नौ बजे गेट बंद हो जाएगा!” म्हणाला, “मैडम, हमको भी घर जाना है ज़िंदा.” आता या माणसाला काय बोलणार? त्यांचेही साथीदार मरत होते, मला माहीत होतं. म्हणून काय झालं? त्या पोरीने कुणाचं काय वाकडं केलं होतं?

“निकालो यह सब,” हवालदार म्हणाला. “चारों.”

हे गुडघ्यांवर बसले. आणि फिल्म काढायला लागले. नखाने. आधी कोपरा उकरला. कोपरा सुटला तसा तो चिमटीत धरून, पाठीमागे दुमडून, एकेक रेघ सोडवत, फुंकर घालत. फुंकर! मला आधी कळेचना हे काय चाललंय. मग लक्षात आलं. रंग निघू नये म्हणून. नाक्यावर, बंदुकांच्या मध्ये, पोरीचं फाटक बंद व्हायला आलेलं असताना, हा माणूस गाडीचा रंग वाचवत होता.

“अहो, ओढा!” मी ओरडले. “ओढून टाका ती फिल्म!”

“अगं झटक्यात ओढली तर रंग येतो पापुद्र्यासकट.”

“जाऊ दे तो रंग खड्ड्यात!”

मी खाली वाकून स्वतः कोपरा धरायला गेले तर जवान खेकसला, “मैडम, पीछे!” त्याला वाटलं मी काही लपवतेय. मी म्हटलं, मग पोरीला तरी सोडा, ती चालत जाईल, धावत जाईल. नाही. तपासणी होईपर्यंत कुणी हलायचं नाही.

ती माझ्या शेजारी उभी होती. डबी छातीशी धरलेली. एकदा बापाकडे बघायची, एकदा ह्यांच्या बोटांकडे. रडत नव्हती, काही नव्हती. दुसरं दार चालू होतं तेव्हा ती अगदी हळू, अगदी आर्जवाने म्हणाली, “अंकलजी, खींच दो ना.”

आणि हे वर न बघता म्हणाले, “हाँ बेटा, बस, हो ही गया.”

हो ही गया! अजून दोन दारं बाकी होती. तीही तशीच काढली. तसूभरही घाई नाही. वर हवालदार घड्याळात बघून वैतागून म्हणाला, “जल्दी करो भाई,” तरी नाही. चौथी पट्टी निघाल्यावर हवालदाराने बोट फिरवलं, ते काळं चिमटीत चुरगळलं, वास घेतला. “अरे, यह तो सच में कुमकुम है,” म्हणाला आणि हसला. जवानही हसला. सरदारजींना हाताने खूण केली, जाओ. माझ्या हातात त्या वेळी एखादा वरवंटा असता तर मी कुणाच्या डोक्यात घातला असता सांगता येत नाही. हवालदाराच्या की ह्यांच्या, तेही नाही.

कॉलेजचं फाटक बंद होतं. मी त्याच्यावर थापा मारल्या, चपलेने मारल्या. आतून एक चष्मेवाले गृहस्थ आले. मी सांगितलं, नाका होता, पोलिसांनी अडवलं, तुम्हाला मुलगी नाही का? ते म्हणाले, “बहुत बच्चे रह गए आज, मैडम. रूल है.” नियम! ज्या शहरात माणूस सकाळी घराबाहेर पडला तर संध्याकाळी परत येईल याचा नियम नाही, त्या शहरात फाटकाला मात्र नियम. हे फाटकाशी गेले, हात जोडले, आपलं ओळखपत्र दाखवलं, मी सरकारी अधिकारी आहे म्हणाले. काही उपयोग झाला नाही. आत कुठेतरी घंटा झाली. पोरीने रोल नंबरची चिठ्ठी घडी करून डबीत ठेवली. सरदारजी एवढंच म्हणाले, “चल, पुत्त, घर.”

त्या दिवशी आमच्या घरात जे भांडण झालं ते सगळ्या ओळीने ऐकलं असेल. ऐकू दे. हे म्हणत होते, मी मुद्दाम केलं का? नाका मी लावला का? मी म्हटलं, नाका तुम्ही लावला नाही, पण बूट थांबवला कुणी? आणि ती म्हणाली होती ना तुम्हाला, खींच दो, तोंड उघडून म्हणाली होती, तेव्हा कान कुठे होते? म्हणाले, रंग निघाला असता तर गंज धरला असता. गंज! मी हातातलं पातेलं आपटलं. सासूबाई देवापुढे बसून राहिल्या, दिवसभर उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. सरदारजींना म्हटलं, भाईसाब, तिची चूक नाही. पुढच्या वर्षी बसू द्या. मी तिला स्वतः चालत घेऊन जाईन, आदल्या दिवशी कॉलेजच्या दारात झोपू. तिची आई ओढणीने डोळे पुसत होती. पोर आतल्या खोलीच्या दाराशी उभी. सरदारजी म्हणाले, “भैणजी, तुम्ही पाहिलंत ना. तिच्यासमोर.” हिंदीतच म्हणाले, पण मला ते असंच मराठीत आठवतं. “परत तिच्याबरोबर कुठल्या नाक्यावर उभं राहायची माझ्यात हिंमत नाही. आणि मी नसताना तिला कुणाबरोबर पाठवायची तर त्याहून नाही. मी एकदाच म्हणालो होतो.” मी वाद घातला. खूप घातला. पेपर तिने चुकवला नाही, तिला चुकवायला लावला, असंही मी म्हणाले. ते ऐकत राहिले आणि शेवटी माझ्यासाठी चहा मागवला. त्या भल्या माणसावर तरी किती ओरडणार? पण मनातून मला त्याचाही राग आला, आजही येतो. बापाची अब्रू आणि पोरीचं डॉक्टर होणं, दोन्ही एकाच तराजूत टाकायची होती का? पोर दारातून आत वळली. आमच्याकडे वह्या घेऊन येणं तेवढं बंद झालं.

आणि हे! पुढच्या रविवारी मी मागच्या दारी कपडे वाळत घालून आले तर अंगणात काय, हे फतकल मारून बसलेले. साचे पुढ्यात. रोल मांडीवर. परत फिल्म लावत होते. मला वाटलं मला चक्कर येणार. म्हटलं, अहो, तुम्हाला काही वाटतं का? मान वर न करता म्हणाले, “आता कुंकू नाहीये आत. आता कुणी संशय घेणार नाही.” म्हणजे ह्या माणसाने त्या सगळ्यातून एवढाच धडा घेतला! मी त्या दिवसापासून ह्यांच्याशी कामापुरतं बोलले. आणि गाडीत बसताना मुद्दाम उंबऱ्यावर अख्खी चप्पल टेकवायची, सगळं वजन टाकून, मागे वळून ह्यांच्याकडे बघत. “उंबरा” ही हाकही आता यायची नाही.

वर्ष सरायच्या आत लग्न ठरलं. लुधियानाकडची मंडळी, ट्रकांचा धंदा, खाऊनपिऊन सुखी. मुलगा दिसायला चांगला, बोलायला नरम. वाईट माणसं नव्हती, खोटं कशाला बोलू. तिला विचारलं, तुला पसंत आहे ना गं? तर म्हणाली, “ठीक है, आंटीजी.” आधी ती कुठल्याही गोष्टीला ठीक है म्हणायची नाही, तासभर वाद घालायची.

लग्न गुरुद्वाऱ्यात सकाळी लागलं. दुपारी पाठवणी. दिवस बरे नव्हते म्हणून अंधार पडायच्या आत वरात लुधियानाला पोचायला हवी होती, सगळ्यांची गडबड. सरदारजींनी ह्यांना विचारलं होतं, मुलीला तुमच्या गाडीतून चौकापर्यंत न्याल का? पुढे मुलाकडच्यांची गाडी आहेच, पण ओळीतली सगळ्यात चांगली गाडी तुमची. ह्यांना नाही कसं म्हणवेल? सकाळी उठून गाडी धुतली, झेंडूच्या माळा बांधल्या, उंबरे पुसले. मी बघत होते. बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

ती बाहेर आली. लाल सलवार-कमीज, जरीची चुन्नी डोळ्यांपर्यंत, दोन्ही हात कोपरापर्यंत चुड्याने भरलेले. बायका गात होत्या, तिची आई कोसळत होती, सरदारजी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. तिने मुठीमुठीने फुलियाँ, म्हणजे आपल्या लाह्या, मागे उधळल्या, पुढे आली. हे गाडीचं मागचं दार धरून उभे.

तिने एका हातात सलवार गोळा केली. चुडा खळखळला. पाठमोरी होऊन सीटवर टेकली, गुडघे जवळ घेतले आणि दोन्ही पाय, ते मेंदीचे, जरीच्या जुत्यांमधले पाय, अलगद उचलून उंबऱ्यावरून आत घेतले. कुठेही न टेकवता. जसं तिला शिकवलं होतं तसं.

माझ्या तोंडून किंकाळीच फुटली. “ठेव गं पाय! अगं ठेव त्याच्यावर पाय, आज तरी!” गाणाऱ्या बायका गप्प झाल्या. कुणाला कळेना ही मराठी बाई का ओरडतेय.

तिने चुन्नीतून वर पाहिलं. हसली थोडी. “उंबरा, आंटीजी,” म्हणाली.

हे दार धरूनच होते. मग एकाएकी खाली वाकले, फिल्मचा कोपरा धरला आणि ओढली. एका झटक्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चर्रकन निघून आली हातात. निमिषही लागलं नाही.

मी पुढे होऊन खाली पाहिलं. उंबरा पांढराशुभ्र होता. रंगाचा कणही निघाला नव्हता.